नांगर थांबला, पण तणाचे काय?



गव्हातल्या निदणाचा दाखला आपल्याला ठाऊक आहे. तिथे मालक कापणीपर्यंत थांबतो. भातशेतीत मात्र थांबून चालत नाही. पाखड नावाचे तण लहानपणी अगदी भातासारखे दिसते. पहिले ४० दिवस ते तसेच राहिले, तर भाताची वाढच खुंटते.

कर्जत तालुक्यात नेरळच्या सगुणा बागेत चंद्रशेखर भडसावळे यांनी विकसित केलेली ‘एसआरटी’ पद्धत काहींनी पाहिली असेल. गादीवाफे एकदाच करायचे, साच्याने २५ सेंटिमीटरवर भोके पाडून बी टोकायचे. राब भाजणे, चिखलणी, लावणी काही नाही. कापणीनंतर मुळेही जमिनीतच कुजू द्यायची. ज्यांच्या दारी बैल नाहीत, अशा कुटुंबांना हा मोठा आधार.

म्हणून एका कातकरी वाडीत आम्हीही बिननांगरणीचे भात केले. श्रावणात तिथल्या बायकांनी मला बांधावरच अडवले. पुरुषांची चिखलणी वाचली, पण आमची बेणणी दुप्पट झाली, असे त्यांचे म्हणणे. ते खरेच होते. चिखलणीत तण गाडले जाते आणि साचलेल्या पाण्याखाली नवे फारसे उगवत नाही. हे दोन्ही आम्ही काढून घेतले होते, त्यांच्या जागी काहीच दिले नव्हते.

मूळ पद्धतीत तणनाशक वापरतात. पण वाडीत फवारणारा अनवाणी असतो. शिवाय कडेचा टाकळा, कुर्डू ही पावसाळ्यातली भाजी, तीही मरते. म्हणून आम्ही आच्छादनाकडे वळलो. क्रम असा:

१. पहिल्या पावसात तण उगवू द्यावे, वरवर खरवडावे, मग टोकणी करावी. खोल हलवल्यास खालचे तणाचे बी वर येते.

२. १५ ते २० दिवसांनी पहिली बेणणी.

३. भात वीतभर झाले की ओळींमध्ये पेंढा, गिरिपुष्पाचा पाला किंवा बी न धरलेले गवत जाड पसरावे. रोपाच्या बुंध्याशी टेकवू नये. उजेड न मिळाल्याने बारीक बियांचे तण दबते.

४. ३५ ते ४० दिवसांनी पुन्हा एक फेरी. लव्हाळा आच्छादन भेदून वर येतो, तो गाठींसकट खणून काढावा.

अडचण एकच. पेंढा गुरांना लागतो. म्हणून पावसाच्या सुरुवातीला बांधावर गिरिपुष्पाच्या फांद्या लावायच्या आहेत. ते झाड छाटले की पुन्हा फुटते, पाला घरचाच मिळतो.

कष्ट वाचवणारी पद्धत नेताना कोणाचे कष्ट वाचले, हे विचारायला त्या बायकांनी आम्हाला शिकवले. ज्यांच्या कुंपणाला गिरिपुष्प आहे, त्यांनी छाटलेल्या फांद्या जाळू नयेत, आम्हाला द्याव्यात, ही विनंती.