उजेडाच्या काट्याने लिहिलेला भूकंप

कोयनेच्या भूकंपाचा विषय निघाला की पडलेली घरं आणि धरणाला गेलेले तडे आठवतात. १९६७ च्या ११ डिसेंबरला पहाटे ४ वाजून २१ मिनिटांनी पाटण तालुक्यातली सुमारे १८० माणसं गेली, त्यामुळे ते साहजिकच आहे. पण त्याच पहाटे धरणाच्या पोटातल्या गॅलरीत, उजव्या काठाकडच्या ‘१-अ’ या खंडात, एक यंत्र आपलं काम चोख करून गेलं. त्याची आठवण फारसं कुणी काढत नाही.

एआर-२४० हे त्याचं नाव. अमेरिकन बनावटीचा हा त्वरणमापक एरवी झोपलेला असायचा. जमीन जोरात हलली की आतल्या छोट्या लंबकामुळे विजेचा संपर्क जुळायचा, दिवा लागायचा, मोटर सुरू व्हायची आणि फोटोग्राफीचा कागद सरकू लागायचा. तीन दिशांचा धक्का मोजणाऱ्या तीन भागांवर इवलेसे आरसे होते. त्यांवरून परतलेले उजेडाचे ठिपके सरकत्या कागदावर रेघा ओढायचे. यंत्र जागं होईपर्यंतचा पहिला क्षण मात्र निसटायचा, ही त्याची जन्मजात खोड. यंत्रं आणि इलेक्ट्रॉनिक्स यांच्या अशा मेळाला जपानच्या यासकावा कंपनीत ‘मेकॅट्रॉनिक्स’ हे नाव मिळालं १९६९ मध्ये. त्याआधी दोन वर्षं सह्याद्रीच्या पोटात लंबक, मोटर, वीज आणि प्रकाश एकाच पेटीत नांदत होते.

यात प्रकाश कशाला हवा होता? कारण शाईचं पेन कागदावर घासतं, आणि बारीक हालचाल त्या घासण्यातच विरून जाते. उजेडाच्या काट्याला वजन नाही, घर्षण नाही. शिवाय आरसा एक अंश वळला की किरण दोन अंश वळतो, आणि कागद जितका लांब ठेवाल तितका ठिपका जास्त सरकतो. १९२० च्या दशकात कॅलिफोर्नियात वुड आणि अँडरसन यांनी या युक्तीवर भूकंपमापक बांधला. यातले अँडरसन माउंट विल्सन वेधशाळेतले, म्हणजे आकाशाकडे पाहणाऱ्यांतले. ताणलेल्या तारेला चिकटवलेलं तांब्याचं चिमुकलं वजन, त्यावर आरसा, आणि दोलन आवरायला चुंबक, एवढाच संसार. जमिनीची हालचाल २,८०० पट मोठी दिसते असं सांगितलं जाई. पुढे तपासल्यावर तो आकडा २,०८० च्या आसपास भरला. रिश्टर यांनी १९३५ मध्ये आपली मोजपट्टी याच यंत्राच्या रेघेवर बेतली.

कोयनेला ही यंत्रं आली ती लोकांच्या तक्रारींमागून. १९६२ मध्ये धरणाचा शिवसागर जलाशय भरू लागला आणि गावांना हादरे, जमिनीतून येणारे गडगडाट जाणवू लागले. दख्खनचं पठार म्हणजे अचल, असा तेव्हाचा समज. तरी खडकवासल्याच्या केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन केंद्राने धरणाभोवती भूकंपमापन केंद्रं उभारली, आणि तिथल्या एस. के. गुहा व सहकाऱ्यांनी १९६६ मध्येच या हालचालींवर लिहून ठेवलं. अशा केंद्रावरचं काम डार्करूमचं असे: ढोलावरचा कागद बदलायचा, लाल दिव्यात धुवायचा, वाळवायचा, मग भिंगाखाली रेघ वाचायची. कोयनेच्या पावसाळ्यात कागद वाळवणं म्हणजे काय, हे त्या भागात राहिलेल्याला सांगायला नको.

आणि मग ती पहाट. गॅलरीतल्या कागदावर धरणाच्या लांबीच्या दिशेने गुरुत्वत्वरणाच्या ०.६३ पट, आडव्या दिशेने ०.४९ पट आणि उभ्या दिशेने ०.३४ पट इतका धक्का उमटला. धरणाचं गणित ०.०५ धरून केलेलं होतं! दोन आकड्यांची तुलना सरळ करता येत नाही, कारण ०.०५ हा स्थिर भार समजून घेतलेला गुणक आणि ०.६३ हे क्षणभराचं शिखर. तरीही हिशेबाची पद्धतच अपुरी होती, हे त्या रेघांनी दाखवून दिलं. १०३ मीटर उंचीच्या भिंतीला तडे गेले ते वरच्या भागात, जिथे मागच्या बाजूचा उतार एकदम बदलतो तिथे. बर्कलीत अनिल चोप्रा आणि चक्रवर्ती यांनी हीच नोंद घेऊन तडे तिथेच का गेले याचं विश्लेषण केलं. आज अबाकस या संगणक प्रणालीच्या नमुना उदाहरणांतही कोयना धरण आहे. भिंतीला मागून काँक्रीटचे टेकू दिले गेले. पानशेतचं धरण फुटून सहाच वर्षं झाली होती, आणि खाली कऱ्हाड, सांगली एकाच पाण्यावर वसलेली. त्या टेकूंचं मोल तिथल्या लोकांना वेगळं समजवावं लागलं नसेल.

सांगली जिल्ह्याची पाळी नंतर आली. शिराळा तालुक्यात चांदोलीला वारणेचं धरण १९८५ पासून भरू लागलं. १९९३ च्या अखेरीस आणि १९९४ च्या सुरुवातीला तिकडे ५ च्या वरचे धक्के बसले. त्याच्या थोडं आधी, सप्टेंबर १९९३ मध्ये, किल्लारीचा भूकंप झाला होता, आणि देशभर भूकंपमापनाचं साहित्य डिजिटल करण्याला वेग आला.

इथे आरसा हद्दपार झाला. नव्या यंत्रात वजन हलूच देत नाहीत. ते किंचित सरकलं की विद्युत प्रवाह त्याला परत जागेवर ढकलतो, आणि किती प्रवाह लागला हेच मोजमाप. डार्करूम गेली, भिंग गेलं. कऱ्हाडच्या बोअरहोल जिओफिजिक्स रिसर्च लॅबोरेटरीच्या प्रकल्पात तर मापक दीड किलोमीटरच्या आसपास खोल उतरवले गेले. गोठणे इथल्या ३ किलोमीटरच्या विवरात सव्वा किलोमीटर बसाल्ट ओलांडल्यावर ग्रॅनाइट लागला. तिथे दिवा आणि फोटोचा कागद कोण ठेवणार?

गंमत अशी की प्रकाश वेगळ्या वाटेने परत येतो आहे. जगात आता काचतंतूची केबल जमिनीत पुरून, तिच्यातून लेसरचे स्पंद सोडून, परत विखुरलेल्या प्रकाशावरून धक्का मोजतात. किलोमीटरभर केबल म्हणजे हजारभर मापक. त्यात हलणारा भाग एकही नाही, वजन नाही आणि लंबकही नाही. सारं गणित लेसर, शोधक आणि संगणकाचं. अशी केबल खोल उतरवायची तर सगळ्यात महागडं काम विवर पाडण्याचं असतं. कोयनेच्या परिसरात ते काम झालेलं आहे.