संत्र्याचं कलम कुठेही लावा, पण ‘नागपुरी’ हे नाव कोणाचं?

ज्यांना ऐकायला वेळ नाही, किंवा बसमध्ये इयरफोन विसरलाय, त्यांच्यासाठी आजचा भाग लिहून देतोय. मधलं हसणं-खिदळणं गाळलंय, मुद्दे तेच आहेत.

गच्चीवर बाग करणाऱ्या श्रोत्यांचा एक प्रश्न मला सारखा येतो. “दादा, मी पुण्यात ड्रममध्ये नागपुरी संत्र्याचं कलम लावलंय. फळं आली तर त्यांना नागपुरी संत्री म्हणायचं ना?” मी नरखेड तालुक्यातला, म्हणून लोकांना वाटतं याचं उत्तर माझ्या खिशातच असेल. प्रश्न दिसतो साधा. पण फ्रान्सची शॅम्पेन, ग्रीसचं फेटा चीज आणि आमच्याकडचे संत्र्याचे बगीचे, या सगळ्यांचं भांडण याच प्रश्नावर आहे.

जात वेगळी, नाव वेगळं

‘नागपुरी संत्रा’ या शब्दांचे दोन अर्थ आहेत. पहिला अर्थ झाडाची जात. जंभेरीच्या खुंटावर डोळा भरून केलेलं कलम. वरुड तालुक्यातलं शेंदुरजनाघाट या कलमांच्या रोपवाटिकांसाठी प्रसिद्ध आहे. तिथून कलम आणा, पुण्यात लावा, नाहीतर राजस्थानात न्या. राजस्थानच्या झालावाड भागात या जातीच्या मोठ्या बागा आहेतच. जातीला कोणी अडवत नाही.

दुसरा अर्थ ठिकाणाचं नाव, म्हणजे भौगोलिक मानांकन, आपण ज्याला जीआय म्हणतो ते. नागपूर संत्र्याला ते २०१४ साली मिळालं. इथे झाड पुरत नाही. फळ नोंदणीत लिहिलेल्या हद्दीत पिकलेलं पाहिजे.

कारण चव फक्त कलमात नसते. आमच्याकडे आंबिया बहार घ्यायचा तर आधी झाडाचं पाणी तोडतात, याला ताण देणं म्हणतात. मग पाणी सुरू केलं की जानेवारी-फेब्रुवारीत झाड फुलतं. मृग बहार पावसाच्या तोंडावर येतो. काळी जमीन, कडक उन्हाळा, तो ताण, हे सगळं मिळून ती आंबट-गोड चव होते. ड्रममध्ये हे जमत नाही.

म्हणून ताईंनो, दादांनो, तुमच्या गच्चीवरचं फळ नागपुरी जातीचं. घरी खुशाल नागपुरी म्हणा, कोणी पोलीस येणार नाही. विकायला पेटीवर लिहिलं, तर मात्र प्रश्न आहे.

शॅम्पेनला दोन कुलपं, चीजला एक

आता जरा जग फिरून येऊ. नाशिकला बाटलीत दुसऱ्यांदा आंबवून बुडबुड्यांची वाईन करतात. पद्धत शॅम्पेनचीच, पण तिला शॅम्पेन म्हणता येत नाही. शॅम्पेन हा फ्रान्समधला एक प्रदेश आहे. नाशिकने स्वतःचं नाव नोंदवलं, ‘नाशिक व्हॅली वाईन’.

जागतिक व्यापार संघटनेचा ट्रिप्स करार १९९५ पासून लागू आहे. त्यात वाईन आणि स्पिरिट्सना जास्तीचं संरक्षण आहे. खरं ठिकाण सांगून वर ‘शॅम्पेनसारखी’ किंवा ‘शॅम्पेन टाईप’ असं लिहायलाही मनाई. हे झालं दुसरं कुलूप. चीज, फळं, मिरची यांना एकच कुलूप आहे. गिऱ्हाईक फसलं, हे दाखवावं लागतं. संत्रा या दुसऱ्या रांगेत उभा आहे.

फेटा चीजची गोष्ट तर मजेशीर आहे. फेटा नावाचं गावच नाही. शब्दाचा अर्थ ‘काप’. तरी युरोपीय महासंघाने २००२ साली हे नाव फक्त ग्रीसचं म्हणून नोंदवलं. डेन्मार्क आणि जर्मनी कोर्टात गेले, २००५ मध्ये हरले. अमेरिकेत मात्र कुठलंही कारखान्यातलं चीज फेटा म्हणून विकलं जातं, कारण तिथे तो शब्द सामान्य होऊन गेलाय.

यातली भीतीची गोष्ट हीच. नाव सांभाळलं नाही, तर ते सगळ्यांचं होतं, म्हणजेच कोणाचंच राहत नाही. आपल्या १९९९ च्या जीआय कायद्यातही सामान्य झालेल्या नावाची नोंदणी होत नाही.

मग आमच्या संत्र्याचं काय?

शहरात हातगाडीवर ‘नागपुरी, नागपुरी’ म्हणून जे मिळतं ते कित्येकदा किन्नो असतं, पंजाब-राजस्थानकडचं. ओळखायचं कसं? किन्नोची साल चकचकीत आणि फळाला घट्ट चिकटलेली, बिया भरपूर. नागपुरीची साल ढिली, अंगठा घातला की सुटते. किन्नो वाईट फळ नाही बरं का. फक्त ते दुसऱ्याच्या नावावर विकलं जातं.

कायदा आहे. नोंदणी झालेलं नाव खोटं वापरलं तर सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि ५० हजार ते दोन लाख रुपये दंड होऊ शकतो. पण हातगाडीवाल्याच्या मागे तक्रार घेऊन जाणार कोण?

आणि खरी गोम इथेच आहे. जीआय मिळालं म्हणजे प्रत्येक शेतकऱ्याला आपोआप मिळालं, असं नाही. नोंदणीची दहा वर्षांची मुदत असते, ती वाढवत राहावी लागते. शिवाय प्रत्येक बागायतदाराने ‘अधिकृत वापरकर्ता’ म्हणून चेन्नईच्या रजिस्ट्रीत वेगळं नाव नोंदवावं लागतं. तेव्हाच तो पेटीवर ते नाव हक्काने छापू शकतो.

आता आमच्याकडची रीत बघा. फळ झाडावर असतानाच व्यापारी बगीचा बघतो, सौदा होतो, इसार मिळतो. तोडा त्याचा, प्रतवारी त्याची, पेटीही त्याचीच. पेटीवर काय छापायचं, ते तोच ठरवतो. शेतकऱ्याने ताण दिला, फळगळ सोसली, गारपिटीला तोंड दिलं. नाव गावाचं, पण ते नाव छापून जे दोन पैसे जास्त मिळायचे, ते त्याच्यापर्यंत येतच नाहीत. पेटी ज्याच्या हातात, नावाची किंमत त्याच्या खिशात.

कायद्यात एक चांगली सोय आहे. जीआय कोणाला विकता येत नाही, गहाण ठेवता येत नाही. ट्रेडमार्क कंपनी विकत घेऊ शकते, ‘नागपूर संत्रा’ नाही. ते इथे पिकवणाऱ्या सगळ्यांचं सामाईक आहे. पण सामाईक विहिरीसारखंच. पाणी सगळ्यांचं, दोर-बादली ज्याची त्यानं आणायची.

आमच्याकडे बादली म्हणजे काय? वापरकर्ता म्हणून नोंदणी, आणि दहा-वीस जणांनी मिळून प्रतवारी करून स्वतःच्या पेटीत माल भरणं. शेतकरी कंपनी असेल तर अजून सोपं. गावात घरी शेती असलेले पोरं-पोरी हा भाग वाचत असतील, तर फॉर्म भरायचं काम तुमचं. बाबांकडे बगीच्याचं ज्ञान आहे, तुमच्याकडे फोन आहे.

आणि शहरातल्या गच्चीवाल्यांनो, तुम्ही फक्त एवढं करा. पुढच्या वेळी ‘नागपुरी’ घेताना विचारा, “कुठल्या गावचा माल आहे?” काटोल, नरखेड, वरुड, काहीतरी उत्तर आलं पाहिजे. नुसतं “नागपूरचाच आहे ना, घ्या” असं म्हणाला, तर साल सोलून बघा.

तुमच्या कलमाला फळ लागलं की फोटो पाठवा. पुढच्या भागात भिवापुरी मिरचीबद्दल बोलू, तीही आपल्याच जिल्ह्यातली, आणि तिलाही जीआय आहे. भेटूया!