घरगुती केशसीरम : पोषणाचा भ्रम आणि पाण्याचा प्रश्न

घरगुती केशसीरमविषयीचे बहुतेक गैरसमज, सीरम केसाच्या कोणत्या भागावर काम करते हे लक्षात न घेतल्याने निर्माण होतात. डोक्यावर दिसणारा केस हा केराटिन या प्रथिनाचा निर्जीव तंतू असून त्याची वाढ केशपुटकात, म्हणजे केसाचे मूळ सामावून घेणाऱ्या त्वचेतील जिवंत पिशवीत, होत असते. त्यामुळे तंतूवर चोळलेले मिश्रण त्याला ‘पोषण’ देऊ शकत नाही आणि दुभंगलेले टोक कायमचे सांधूही शकत नाही. बाजारातील सीरममध्ये डायमेथिकोनसारखी सिलिकोन द्रव्ये तंतूवर पातळ लेप धरून घर्षण व गुंता कमी करतात, आणि घरगुती सीरममधील तेलाकडूनही एवढीच अपेक्षा रास्त ठरते.

याहून घातक समज असा की, घरातले नैसर्गिक पदार्थ वापरले म्हणजे सीरम आपोआप सुरक्षित होते. कोरफडीचा गर, जवस उकळून काढलेला जेल आणि तांदळाचे पाणी यांत पाण्याबरोबरच शर्करा व प्रथिनेही असतात, आणि जिवाणू व बुरशीला वाढण्यासाठी नेमके हेच हवे असते. मिश्रण उकळल्याने बरेचसे सूक्ष्मजीव मरतात, पण काही जिवाणूंचे बीजाणू उष्णतेला दाद देत नाहीत आणि बाटलीत बोट बुडताच नवे सूक्ष्मजीव आत शिरतात. फ्रिजमध्ये त्यांची वाढ मंदावते, थांबत नाही. वास किंवा रंग बदलेपर्यंत मिश्रण चांगले आहे असे मानणेही चुकीचे, कारण ही लक्षणे दिसण्यापूर्वीच दूषितता बरीच पुढे गेलेली असू शकते. ई जीवनसत्त्वाची कॅप्सूल फोडून घातल्यास सीरम टिकते, हा समज तर फारच रुजलेला आहे. हे जीवनसत्त्व हवेतील ऑक्सिजनमुळे तेल खवट होण्याची क्रिया लांबवते, परंतु जिवाणूंना ते रोखत नाही. त्यासाठी परिरक्षक, म्हणजे सूक्ष्मजीवांची वाढ रोखणारे द्रव्य, लागते आणि त्याची निवड मिश्रणाच्या आम्लतेवर अवलंबून असते: सोडियम बेंझोएट, उदाहरणार्थ, आम्लधर्मी मिश्रणातच प्रभावी ठरते. म्हणून घरी पाणीविरहित, केवळ तेलांचे सीरम करणे हाच शहाणपणाचा मार्ग होय.

सर्व तेले सारखीच, हेही खरे नाही. मुंबईतील मॅरिको कंपनीच्या संशोधकांनी 2003 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात खोबरेल, सूर्यफूल तेल आणि खनिज तेल यांपैकी केवळ खोबरेलाने केसातील प्रथिनांची झीज कमी केल्याचे दिसले. त्यातील लॉरिक आम्लाचे लहान व सरळ रेणू तंतूच्या आत शिरू शकतात, असे त्याचे कारण देण्यात आले. हे संशोधन खोबरेल विकणाऱ्या कंपनीचे आहे, याची नोंद मात्र वाचकाने ठेवावी.

रोझमेरीसारखे सुगंधी तेल जितके जास्त तितके गुणकारी, असे समजून ते थेट टाळूवर लावणाऱ्यांना दाह आणि ॲलर्जी होण्याचा धोका असतो. ते पाण्यात विरघळत नसल्याने कोरफडीच्या गरात घातले तरी त्याचे थेंब वेगळेच राहतात आणि त्वचेच्या एखाद्याच जागी पूर्ण तीव्रतेने पडू शकतात. तीस मिलिलिटर तेलात त्याचे प्रमाण एक टक्का, म्हणजे साधारण सहा-सात थेंब, पुरेसे असते. सुमारे 24 अंश सेल्सिअसखाली खोबरेल गोठत असल्याने थंडीत त्यात निम्मे बदाम तेल मिसळावे, मिश्रण पूर्ण कोरड्या, गडद रंगाच्या बाटलीत भरावे आणि दोन-तीन थेंबच ओलसर केसांच्या टोकांना लावावेत. कोंडा असल्यास ते टाळूवर लावू नये, कारण कोंड्याशी संबंधित असलेली मॅलासेझिया ही बुरशी स्निग्ध पदार्थांवरच पोसली जाते.