जनावरांचे संसर्गजन्य रोग : लक्षणे, लसीकरण आणि शासनाची मदत

दोन-चार दुभत्या जनावरांवर घर चालवणाऱ्या कुटुंबासाठी गोठ्यात शिरलेला रोग हे मोठे संकट असते. दूध बंद होते, औषधाचा खर्च वाढतो, गाभण जनावर गाभडते आणि बैल ऐन हंगामात कामातून जातो. संसर्गजन्य रोग एका गोठ्यापुरता राहत नाही. सामाईक पाणवठा, चराई, बाजार, माश्या आणि माणसांचे हात-पाय यांतून तो गावभर पसरतो. त्यामुळे गावातील बहुतेक सर्व जनावरांना वेळेवर लस मिळाली तरच प्रत्येकाचा गोठा सुरक्षित राहतो.

हे शक्य आहे, याचा दाखला आपल्याच देशात आहे. एकेकाळी गावेच्या गावे ओस पाडणारा बुळकांडी रोग सातत्यपूर्ण लसीकरण आणि देखरेखीमुळे भारतातून संपला. २००६ मध्ये भारताला या रोगापासून मुक्त म्हणून मान्यता मिळाली आणि २०११ मध्ये तो जगातून नष्ट झाल्याचे जाहीर झाले.

प्रमुख रोग कसे ओळखावेत?

लाळ्या-खुरकूत (विषाणूजन्य)
• जोराचा ताप, तोंडातून तारेसारखी लाळ, जीभ व हिरड्यांवर फोड, खुरांच्या बेचक्यात जखमा, लंगडणे. सडांवरही फोड येतात.
• मोठी जनावरे सहसा मरत नाहीत, पण दूध एकदम घटते. बरे झाल्यावरही काही जनावरे उन्हात धापा टाकतात व कामाला कमी पडतात. लहान वासरे मात्र अचानक दगावू शकतात.

घटसर्प (जिवाणूजन्य)
• तीव्र ताप, गळ्याला सूज, घरघर, श्वास घेण्यास त्रास. म्हशींमध्ये हा रोग अधिक तीव्र असतो.
• एक-दोन दिवसांत मृत्यू येऊ शकतो, म्हणून उपचारास उशीर करू नये.

फऱ्या (जिवाणूजन्य)
• सहा महिने ते दोन-तीन वर्षे वयाच्या धष्टपुष्ट जनावरांना प्रामुख्याने होतो.
• मागच्या फऱ्यावर सूज येते, ती दाबल्यास चरचर आवाज येतो आणि जनावर लंगडते.

सांसर्गिक गर्भपात अर्थात ब्रुसेलोसिस (जिवाणूजन्य)
• गाभण काळाच्या शेवटच्या महिन्यांत गर्भपात, वार अडकणे, नंतर गाभण राहण्यात अडचण.
• हा रोग माणसांनाही होतो. वारंवार येणारा ताप, सांधेदुखी व थकवा ही त्याची लक्षणे आहेत. कच्चे दूध पिणे आणि गाभडलेल्या जनावराला उघड्या हाताने हाताळणे टाळावे.

लंपी त्वचा रोग (विषाणूजन्य)
• ताप, अंगभर गाठी, पायांवर सूज, दूध कमी होणे. डास, चावणाऱ्या माश्या व गोचीड यांमार्फत पसरतो.
• हा रोग माणसांना होत नाही. दूध नेहमीप्रमाणे उकळून वापरावे.

कोणती लस, केव्हा?

• लाळ्या-खुरकूत : वासराला साधारण चौथ्या महिन्यात पहिली मात्रा, एक महिन्याने दुसरी आणि त्यानंतर दर सहा महिन्यांनी.
• घटसर्प व फऱ्या : दरवर्षी पावसाळ्यापूर्वी.
• ब्रुसेलोसिस : फक्त ४ ते ८ महिने वयाच्या मादी वासरांना, आयुष्यात एकदाच. हे वय निघून गेले की संधी जाते, म्हणून कालवड किंवा पारडी जन्मल्याची तारीख लिहून ठेवावी.
• लंपी : पशुवैद्यकीय विभागाच्या मोहिमेनुसार शेळ्यांच्या देवीवरील लस दिली जाते.

लसीचा परिणाम होण्यास साधारण दोन-तीन आठवडे लागतात. त्यामुळे बाजार, यात्रा किंवा ऊसतोडणीसाठी जनावरे बाहेर नेण्यापूर्वी किमान तीन आठवडे आधी लस टोचून घ्यावी. रोग गावात आल्यानंतर धावपळ करण्याचा उपयोग कमी होतो.

लसीकरणाबाबतच्या शंका

“लस दिली की दूध आटते” या भीतीने काही पशुपालक लसीकरणाच्या दिवशी जनावर रानात पाठवतात. लसीनंतर एक-दोन दिवस हलका ताप येणे, टोचलेल्या जागी सूज येणे किंवा दूध थोडे कमी होणे शक्य आहे. ते लवकरच पूर्ववत होते. लाळ्या-खुरकूत झाल्यास होणारे नुकसान मात्र पूर्ण वेताचे असू शकते.

जनावर गाभण किंवा आजारी असल्यास लस देणाऱ्यास आधी सांगावे. शेवटच्या महिन्यांतील गाभण किंवा आजारी जनावराची लस पुढे ढकलली जाते. व्याल्यानंतर किंवा बरे झाल्यावर ती आठवणीने टोचून घ्यावी. असे सुटलेले जनावरच पुढे रोगाला वाट देते.

शासनाच्या कोणत्या सुविधा आहेत?

राष्ट्रीय पशुरोग नियंत्रण कार्यक्रम सप्टेंबर २०१९ मध्ये मथुरा येथे सुरू झाला. लाळ्या-खुरकूत व ब्रुसेलोसिस हे दोन रोग आटोक्यात आणणे हा त्याचा उद्देश आहे. २०३० पर्यंत लसीकरणाच्या आधारे लाळ्या-खुरकूत रोगाचे निर्मूलन करण्याचे उद्दिष्ट आहे. या कार्यक्रमातील लस पशुपालकांना मोफत दिली जाते.

हा कार्यक्रम आता पशुधन आरोग्य व रोग नियंत्रण कार्यक्रमाचा भाग आहे. मार्च २०२५ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने त्याच्या सुधारित स्वरूपास मान्यता दिली. त्यासाठी २०२४-२५ व २०२५-२६ या दोन वर्षांकरिता ३,८८० कोटी रुपयांची तरतूद असून, स्वस्त जेनेरिक पशुऔषधांसाठी ‘पशू औषधी’ हा नवा घटक जोडण्यात आला आहे.

• फिरते पशुवैद्यकीय पथक : १९६२ या टोल फ्री क्रमांकावर संपर्क साधल्यास पशुपालकाच्या दारी पशुवैद्यकीय सेवा मिळण्याची सोय आहे.
• कानातील बिल्ला : प्रत्येक जनावराला १२ अंकी क्रमांकाचा बिल्ला लावून ‘भारत पशुधन’ प्रणालीत त्याची नोंद केली जाते. लस कधी दिली, पुढची केव्हा द्यायची, हे या नोंदीवरून कळते. विम्यासाठीही हा क्रमांक लागतो. बिल्ला काढून टाकू नये. तो पडल्यास दवाखान्यात कळवावे. जनावर विकल्यास मालकाच्या नावातील बदलाची नोंद करून घ्यावी.

रोगाची शंका आल्यास काय करावे?

१. आजारी जनावर लगेच वेगळे बांधावे. त्याचे दाणी-पाणी व भांडी वेगळी ठेवावीत.
२. जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यास आणि ग्रामपंचायतीस कळवावे. २००९ च्या प्राण्यांमधील संसर्गजन्य रोग प्रतिबंध व नियंत्रण कायद्यानुसार अनुसूचित रोगाची माहिती देणे व आजारी जनावर वेगळे ठेवणे ही मालकाची जबाबदारी आहे.
३. निरोगी जनावरांचे काम व धारा आधी उरकाव्यात, आजारी जनावराचे शेवटी. नंतर हातपाय साबणाने धुवावेत.
४. लाळ्या-खुरकूत असल्यास गोठा धुण्याच्या सोड्याच्या ४ टक्के द्रावणाने (१ लिटर पाण्यात ४० ग्रॅम) धुवावा. वासराला आजारी गाईचे दूध पाजू नये.
५. आजारी जनावर बाजारात नेऊ नये, विकू नये, सामाईक पाणवठ्यावर सोडू नये.
६. गाभडलेला गर्भ, वार व मृत जनावर उघड्यावर टाकू नये. हातमोजे घालून खोल खड्ड्यात चुना टाकून पुरावे.
७. जनावर अचानक मेले आणि नाका-तोंडातून न गोठणारे काळसर रक्त येत असेल, तर काळपुळीची शक्यता असते. असे जनावर सोलू किंवा फाडू नये. ताबडतोब पशुवैद्यकास बोलवावे.

नवीन जनावर विकत घेताना त्याचा बिल्ला व लसीकरणाची नोंद तपासावी आणि त्याला किमान तीन आठवडे इतर जनावरांपासून वेगळे ठेवावे.

लक्षात ठेवा

लाळ्या-खुरकूत आणि लंपी या विषाणूजन्य रोगांवर नेमके औषध नाही. जखमांची काळजी घेणे आणि पुढील संसर्ग टाळणे एवढेच उपचारात करता येते. म्हणून लस हाच खरा आधार आहे. पुढील लसीकरण शिबिराची तारीख पशुवैद्यकीय दवाखान्यातून विचारून घ्यावी, त्या दिवशी जनावरे गोठ्यातच ठेवावीत आणि शेजाऱ्यालाही आठवण द्यावी. शेजारच्या गोठ्यात लस न घेतलेले जनावर असेल, तर त्याचा धोका आपल्या गोठ्यालाही असतो.