रक्ताच्या एका टेस्टमध्ये ब्रेस्ट कॅन्सर कळतो का? बुलढाण्याच्या गावापर्यंत ही टेस्ट का पोहोचली नाही?

एका साध्या रक्ततपासणीत ब्रेस्ट कॅन्सर कळणार, मॅमोग्राफीची गरजच उरणार नाही, असे मेसेज अधूनमधून व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतात. बुलढाणा जिल्ह्यात ते पटकन पुढे जातात, यात नवल नाही. संग्रामपूर किंवा लोणारच्या खेड्यातल्या बाईला मोठी तपासणी म्हटली की मजुरी बुडवून अकोला नाहीतर छत्रपती संभाजीनगर गाठावं लागतं. रक्त काय, गावातही काढता येतं.

मेसेज पूर्ण खोटा नाही. पण अर्धाच आहे.

आपण खाल्लेल्या भाकरीपासून शरीरात साखर, अमिनो आम्लं, चरबीचे घटक असे हजारो बारीक रेणू तयार होतात. त्यांना म्हणतात मेटाबोलाइट. कॅन्सरच्या पेशींचं खाणं-पिणं वेगळं असतं. ऑक्सिजन भरपूर असतानाही त्या साखर भराभर ओढून तिचं लॅक्टिक आम्ल करतात, हे जर्मनीच्या ओटो वॉरबर्ग यांनी १९२० च्या दशकातच दाखवलं होतं. आता मास स्पेक्ट्रोमीटर नावाचं यंत्र रक्तातले हे रेणू मोजतं आणि कॉम्प्युटर त्यात कॅन्सरचा ठसा शोधतो.

२०१५ मध्ये डेन्मार्कच्या संशोधकांनी जुने साठवलेले रक्ताचे नमुने तपासले. पुढच्या काही वर्षांत कोणाला ब्रेस्ट कॅन्सर होईल, याचा अंदाज साधारण ८० टक्के बरोबर आला.

८० टक्के ऐकायला भारी वाटतं. पण समजा, १,००० बायकांची तपासणी केली आणि त्यातल्या ५ जणींना खरंच आजार आहे. टेस्ट ४ जणींना पकडेल, एक सुटेल. आणि उरलेल्या ९९५ निरोगी बायकांपैकी जवळपास २०० जणींना सांगेल, तुम्हाला धोका आहे. या २०० जणी घाबरून पुढच्या तपासण्यांसाठी शहरात खेपा घालणार.

दुसरी अडचण त्याहून साधी आहे. रक्त नळीत गेल्यावरही त्यातल्या पेशी साखर खातच राहतात. साध्या नळीत खोलीच्या तापमानाला ठेवलं तर साखर तासाला साधारण ५ ते ७ टक्के घटते. म्हणून मेटाबोलाइटच्या संशोधनात नमुना लवकर वेगळा करून उणे ८० अंशांना गोठवतात. मे महिन्यातल्या मलकापूरहून एसटीने पाठवलेली नळी काय सांगणार? शिवाय डायबेटिस, उपास, चालू गोळ्या, पाळी जाणं, या सगळ्याचा परिणाम याच रेणूंवर होतो.

महाराष्ट्रात नाशिकच्या दातार कॅन्सर जेनेटिक्सचं नाव या विषयात घेतलं जातं. त्यांच्या टेस्टला अमेरिकेच्या एफडीएने २०२१ मध्ये ‘ब्रेकथ्रू’ दर्जा दिला. पण ती टेस्ट मेटाबोलाइट नव्हे, तर रक्तात फिरणाऱ्या कॅन्सरच्या पेशी शोधते. आणि ब्रेकथ्रू दर्जा म्हणजे अंतिम मंजुरी नव्हे. त्याचा अर्थ तपासाची प्रक्रिया लवकर होईल, एवढाच.

आता कमी चर्चेतली गोष्ट. टाटा मेमोरियलने १९९८ पासून मुंबईच्या वस्त्यांमधल्या दीड लाख बायकांवर मोठा अभ्यास केला. प्रशिक्षण दिलेल्या आरोग्यसेविका दर दोन वर्षांनी हातांनी स्तन तपासत. ना यंत्र, ना रक्त. २०२१ मध्ये निकाल आला: पन्नाशीच्या पुढच्या बायकांमध्ये ब्रेस्ट कॅन्सरचे मृत्यू जवळपास ३० टक्क्यांनी कमी झाले. पन्नाशीच्या आत मात्र तसा फायदा दिसला नाही.

अशी हाताची तपासणी सरकारी कार्यक्रमात आहे. तिशीनंतर दर ५ वर्षांनी, आयुष्मान आरोग्य मंदिरात (पूर्वीचं आरोग्यवर्धिनी केंद्र), मोफत. आशाताईंना विचारलं तर त्या तारीख सांगतात.

लॅबच्या पॅकेजमध्ये ‘सीए १५-३’ असेल, तर ती नॉर्मल आली म्हणून निश्चिंत होऊ नये. ही टेस्ट मुख्यतः उपचार चालू असलेल्या पेशंटसाठी असते, सुरुवातीच्या कॅन्सरमध्ये ती बहुधा नॉर्मलच येते. न दुखणारी गाठ, आत ओढलेलं स्तनाग्र, त्यातून रक्त येणं किंवा खळी पडलेली त्वचा दिसली, तर रक्ताच्या रिपोर्टची वाट न बघता डॉक्टरांकडे जावं. निदान शेवटी गाठीचा तुकडा तपासूनच होतं, आणि उपचारांसाठी महात्मा फुले जन आरोग्य योजना आहे.