आपली रीत कोण ठरवणार?

मैत्रिणींनो, अमेरिकेत नेवार्क नावाचं शहर आहे. १९६०च्या दशकात तिथे निम्म्याहून जास्त वस्ती कृष्णवर्णीयांची झाली, पण नगरपालिका आणि पोलीस गोऱ्यांच्याच हातात. जुलै १९६७मध्ये पोलिसांनी एका कृष्णवर्णीय टॅक्सीवाल्याला मारहाण केली आणि शहर पेटलं. २६ जणांचे जीव गेले.

त्याच शहरातले कवी अमिरी बराका. त्यांचं आधीचं नाव लिरॉय जोन्स. त्यांचं म्हणणं असं की, गुलाम करून आणलेल्या आपल्या पूर्वजांची भाषा गेली, नावं गेली, देव गेले. ज्याला स्वतःचीच लाज वाटते, तो हक्क मागायला उभा कसा राहील? म्हणून आधी आपलं नाव, आपला पोशाख, आपला सण, मग मतपेटी. यालाच सांस्कृतिक राष्ट्रवाद म्हणतात.

सण दिला कॅलिफोर्नियाच्या मौलाना करेंगा यांनी, १९६६मध्ये. त्याचं नाव क्वान्झा. २६ डिसेंबरपासून सात दिवस, रोज एक मेणबत्ती, रोज एक तत्त्व. चौथं तत्त्व ‘उजामा’: दुकान-धंदा मिळून काढायचा, नफा मिळून वाटायचा. बचत गटातल्या बायांना हे वेगळं समजवायला नको! तत्त्वांची नावं स्वाहिली. ती पूर्व आफ्रिकेची भाषा, आणि यांचे पूर्वज बहुतेक पश्चिमेकडचे. यावर टीका झाली. आम्हाला वाटतं, ती कुणा एकाच्या घरची नव्हती, म्हणूनच सगळ्यांची होऊ शकली.

नेवार्कमध्ये याचा उपयोग झाला. लोक जोडले गेले, मतदार नोंदवले गेले आणि १९७०मध्ये केनेथ गिब्सन शहराचे पहिले कृष्णवर्णीय महापौर झाले.

पण या शिकवणीत बाईची जागा कुठे होती? घर सांभाळायचं, मुलं घडवायची, पुरुषाला बळ द्यायचं. स्त्री-पुरुष समानता तर त्यांना मान्यच नव्हती. हीच आफ्रिकेची रीत, असं सांगितलं जाई. आणि संघटनेची मुलांची शाळा कोण चालवत होतं? अमिना बराका आणि त्यांच्या सोबतिणी. अमिना म्हणजे अमिरींच्या पत्नी. त्या घर सोडून गेल्या नाहीत, संघटनाही सोडली नाही. आत राहूनच भांडल्या. एका पुरुषाने अनेक बायका करण्यालाही त्यांनी विरोध केला. जुलै १९७४मध्ये नेवार्कमध्ये बायकांची परिषद भरली. त्याच वर्षी खुद्द अमिरींनी हा विचार सोडून मार्क्सवादाची वाट धरली.

क्वान्झा मात्र आजही होतो. मधली काळी मेणबत्ती समाजाची, ती आधी लावतात. मग तीन लाल, तीन हिरव्या.