वाट दिसेना, तरी पाऊल पडावे

तीन वर्षांपूर्वीच्या श्रावणात आमच्या घरात एक विचित्र शांतता उतरली. माझे यजमान ज्या कारखान्यात बावीस वर्षे काम करीत होते, तो बंद झाला. वय एकोणपन्नास, मुलगा बारावीत आणि घराचे हप्ते अजून सात वर्षांचे. पहिला महिना धावपळीत गेला. दुसऱ्या महिन्यात त्यांनी बोलणे कमी केले. रात्री दोन-अडीचला जाग आली की ते खिडकीशी उभे असलेले दिसत. विचारले की एकच उत्तर मिळे, ‘‘देवावर सोडले आहे.’’

ते ऐकून मला बरे वाटे. पण दिवाळीच्या सुमारास त्यांना चक्कर आली. डॉक्टरांनी रक्तदाब मोजला, तो १७० वर १०० भरला. चौकशीअंती कळले, की रक्तदाबाची गोळी त्यांनी दीड महिन्यापासून बंद केली होती. ‘‘सगळेच त्याच्या हाती, मग गोळीचा खर्च कशाला?’’ असे ते पुटपुटले, तेव्हा मला जाणवले, की ज्याला मी श्रद्धा समजत होते ती हताशा होती. तिने फक्त श्रद्धेची भाषा उचलली होती.

अनिश्चितता शरीराला का सोसवत नाही?

संकटापेक्षा संकटाची टांगती तलवार अधिक छळते, हा अनुभव आपल्या सर्वांचाच आहे. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजातील संशोधकांनी २०१६ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. संगणकाच्या पडद्यावरील दगडाखाली साप निघाला, की सहभागी व्यक्तीच्या हाताला विजेचा सौम्य पण वेदनादायक झटका बसे. झटका नक्की बसणार हे ठाऊक असलेल्यांपेक्षा ‘बसेल किंवा बसणार नाही’ अशा निम्म्या शक्यतेच्या क्षणी ताण सर्वाधिक आढळला. उत्तर मिळेपर्यंत शरीर सतत सावध राहते. अ‍ॅड्रिनॅलिन, कॉर्टिसॉल ही संप्रेरके वाढतात, झोप तुटते, रक्तदाब चढतो, पचन बिघडते. निकालाची, तपासणीच्या अहवालाची, नोकरीच्या पत्राची वाट पाहणारे घर म्हणूनच थकलेले असते.

देहूचा वाणी

अशा वेळी मला तुकोबांचे चरित्र आठवले. आपण त्यांना संत म्हणून ओळखतो, परंतु १६३०च्या सुमारास ते व्यापारात बुडालेले एक तरुण गृहस्थ होते. त्या भीषण दुष्काळाने महाराष्ट्र होरपळला. त्यांची पहिली पत्नी रखुमाई अन्नावाचून गेली, मुलगा संतू गेला, दुकान बुडाले, गावातली पत गेली. पुढे काय, याचे उत्तर त्यांच्यापाशी नव्हते. त्या काळात त्यांनी काय केले, हे पाहण्याजोगे आहे. मोडकळीस आलेले विठ्ठलमंदिर त्यांनी दुरुस्त केले. भंडाऱ्याच्या डोंगरावर जाऊन एकान्तात चिंतन केले. परंपरा सांगते, की लोकांकडून येणे असलेल्या रकमांच्या कागदांपैकी आपल्या वाट्याचे त्यांनी इंद्रायणीत बुडवले आणि भावाच्या वाट्याचे मात्र त्याला देऊन टाकले. स्वतःचे सोडताना दुसऱ्याचा हक्क त्यांनी सोडला नाही. त्यांच्या शरणागतीत हात रिकामे नव्हते. समोर जे काम होते, ते ते करीत राहिले.

सासूबाईंचा प्रश्न

माझ्या सासूबाईंनी माउलींच्या पालखीबरोबर अनेक वर्षे वारी केली. आळंदी ते पंढरपूर हे अंतर सुमारे अडीचशे किलोमीटरचे. मुलाची प्रकृती कळताच त्या गावाहून आल्या. दोन दिवस काही बोलल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी चहा घेताना त्यांनी लेकाला विचारले, ‘‘अरे, इठोबाला भेटाया निघालो म्हणून मी पायांत चपला घालत नाही का? दिवे घाट चढताना पाण्याची बाटली जवळ ठेवत नाही का?’’

ते गप्प राहिले. त्या पुढे म्हणाल्या, ‘‘वारीत कुणी पंढरपूर किती लांब राहिलं, ते मोजत बसत नाही बाबा. आज सासवड. उद्याचं उद्या. दिंडी चालते, आपण चालायचं. पण चालायचं!’’

त्या दिवशी दुपारी यजमानांनी स्वतःहून गोळी घेतली.

श्रद्धा आणि प्रयत्न यांची भागीदारी

धर्म आणि मानसशास्त्र यांचा अभ्यास करणारे अमेरिकन संशोधक केनेथ पार्गमेंट यांनी १९८८ मध्ये संकटातील माणसाच्या तीन वृत्ती सांगितल्या. काही जण सारा भार स्वतःवर घेतात, काही सारा भार देवावर टाकून स्वस्थ बसतात, तर काही देवाला सोबती मानून आपला वाटा उचलतात. सासूबाईंनी हे संशोधन वाचलेले नाही. त्यांची वृत्ती मात्र नेमकी तिसरी आहे.

नामस्मरणाचा शरीराशी असलेला संबंधही ध्यानात घेण्याजोगा आहे. इटलीतील संशोधकांचा एक अभ्यास २००१ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये आला. जपमाळेवरील ख्रिस्ती प्रार्थना आणि ‘ओम मणि पद्मे हुम्’ हा मंत्र म्हणताना श्वास मिनिटाला सुमारे सहा इतका संथ होतो व हृदयाची लय सावरते, असे त्यात दिसले. शांत लयीतले नाम मनाला आधार देते आणि श्वासालाही विसावा देते. मात्र ते औषधाची जागा घेत नाही.

घरात काय करता येईल?

आम्ही त्या हिवाळ्यात काही साध्या गोष्टी पाळल्या. सायंकाळी दिवा लावल्यावर सर्वांनी दहा मिनिटे एकत्र बसायचे आणि सावकाश नाम घ्यायचे. त्यानंतर प्रत्येकाने उद्याचे एकच काम सांगायचे, म्हणजे उद्याचा ‘मुक्काम’. पैशांचा हिशेब आठवड्यातून एकदा, दिवसाउजेडी करायचा; रात्री त्यावर चर्चा नाही. सकाळी अर्धा तास चालायचे. गोळ्यांची डबी देवघराशेजारी ठेवायची, म्हणजे विसर पडत नाही. मुलापासून परिस्थिती लपवायची नाही.

आणखी एक गोष्ट आवर्जून सांगावीशी वाटते. उदासी किंवा निद्रानाश दोन आठवड्यांहून अधिक टिकला, जगणे नकोसे वाटू लागले, तर क्षणाचाही विलंब न करता डॉक्टरांना भेटावे. शासनाच्या ‘टेलि-मानस’ सेवेचा १४४१६ हा क्रमांक विनामूल्य आहे. मदत मागणे म्हणजे श्रद्धेत उणे पडणे नव्हे. मदतीला धावून येणाऱ्या माणसाच्या रूपानेही देव भेटतो, असे आपण मानतोच की!

यजमानांना पूर्वीसारखी नोकरी मिळाली नाही. आज ते एका लहान कार्यशाळेत यंत्रदुरुस्ती करतात; मिळकत कमी आहे, हप्ते अजून चालू आहेत. पुढच्या पाच वर्षांचे चित्र आजही धूसर आहे. पण रात्री खिडकीशी आता कोणी उभे नसते. गेल्या आषाढात ते आईचे बोट धरून सासवडपर्यंत चालले. घाट चढताना त्यांनी वर किती उरले, हे एकदाही विचारले नाही. खिशात गोळी होती, ओठांवर नाम होते आणि पुढचे पाऊल ठेवण्यापुरती वाट दिसत होती.